तिसऱ्या थांब्यावरची जाळी

२६ फेब्रुवारी, बुधवार

येत्या रविवारपासून पक्ष्यांच्या फेऱ्या सुरू. यंदाचा हा बाविसावा वसंत. समुद्राकाठच्या बागेत दर रविवारी सकाळी लोकांना पक्षी दाखवत हिंडायचं, हा नाद मी शाळा तपासत होतो तेव्हा लावून घेतला. नोकरी सुटली, नाद सुटला नाही.

आज एकटाच जाऊन वाट तपासून आलो. तपासणं हाडीमासी मुरलंय, त्याला इलाज नाही. पहिला थांबा फाटकाजवळचं तळं, दुसरा दीपगृहाखालचा चिखल, तिसरा बांधाकडची झुडपांची जाळी. तिसरा माझा लाडका. तिथे दुर्बिणी खाली ठेवायच्या, डोळे मिटायचे आणि पाच मिनिटं फक्त ऐकायचं. ऐकू आला तरच पक्षी नोंदवहीत जातो, नुसता दिसला तर नाही. नियम माझाच. जाळी इतकी दाट की आतले बोटभर जीव तसेही दिसत नाहीत. गळा मात्र एकेकाचा सुईसारखा.

बघतो तर जाळी पुढून छाटलेली! चांगली दोन हात आत. फांद्यांचा ढीग बाजूला रचलेला. पाच मिनिटं उभा राहिलो. बुलबुल झाला, कोकीळ झाला, लांबून टिटवी. पण जाळीतल्या चिमुकल्यांपैकी चष्मेवाला नाही, फुलटोच्या नाही, वटवट्या नाही. गेल्या वर्षी कमी होते, यंदा पार शून्य. घरी येईपर्यंत डोकं भणभणत होतं.

संध्याकाळी बायको भाजी घेऊन आली आणि म्हणे दहा मिनिटं दारात उभी होती. घंटा बिघडलेली दिसते, उद्या वायरमनला बोलावतो म्हटलं. "घंटा बरी आहे," म्हणाली आणि पुढे काहीतरी पुटपुटली. हल्ली फार पुटपुटते.

२ मार्च, रविवार

पहिली फेरी. एकोणीस जण. त्यात बँकेत काम करणाऱ्या एक बाई, वही-पेन्सिल घेऊन आलेल्या, प्रश्न फार. असली माणसं मला आवडतात. तळ्यावर खंड्याने सूर मारून दाखवला, चिखलात बगळ्यांची पंगत, लोक खूश.

तिसऱ्या थांब्यावर बाईंनी डोळे मिटूनच विचारलं, "सर, हे बारीक किणकिणतंय ते काय?"

बुलबुल बोलत होताच. म्हटलं, "बुलबुल."

"इतका बारीक?"

"नवीन कानांना तसं वाटतं," मी म्हटलं. लोक हसले. बाईंनी मान हलवली आणि काही लिहिलं नाही.

नोंदवहीत त्या तिन्ही नावांसमोर 'ऐकला नाही' असं लिहिलं. लिहिताना वाईट वाटलं. एवढीशी पाखरं, पण बावीस वर्षांची ओळख.

३ मार्च, सोमवार

आज माळीबुवांना गाठलं. आमची ओळख वीस वर्षांची. ती जाळी त्यांनीच लावलेली, बांध खचू नये म्हणून, रोपं डोक्यावरून वाहून आणून. जूनअखेर निवृत्त होणार आहेत. शेवटच्या दिवशी याच फाटकातून बाहेर पडायचं, एवढीच त्यांची हौस. ती त्यांनी मला दहा वेळा तरी सांगितली असेल.

"माळीबुवा, जाळीला हात कुणी लावला?"

"मीच, साहेब. वरून सांगणं आलं होतं. पुढचं पुढचं घेतलं थोडं."

"थोडं? दोन हात आत गेलात. पक्षी गेले सगळे."

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग हसले. "गेले कुठे, साहेब? आहेत की. सकाळी तर नुसता कालवा असतो. आत्ता बघा ना, हे काय." आणि जाळीकडे बोट केलं.

मी ऐकलं, चांगलं कान देऊन ऐकलं. वारा होता, लाटा होत्या, बाकी काही नाही. वीस वर्षांच्या ओळखीचा माणूस माझ्या तोंडावर हसत खोटं बोलतोय, हे मला सहन झालं नाही. रिकाम्या बाकांवर पोरं हजर दाखवणारे मुख्याध्यापक मी ढिगाने पाहिलेत. अगदी असंच हसू असायचं त्यांचं.

"माळीबुवा, निदान माझ्याशी तरी खोटं बोलू नका," मी म्हटलं.

त्यांचं हसू गेलं. नळी उचलली आणि गुलाबांच्या वाफ्याकडे निघून गेले.

५ मार्च, बुधवार

उद्यान अधिकाऱ्यांना पत्र लिहिलं. 'संबंधित माळ्याने आदेशाबाहेर जाऊन जाळीची छाटणी केली असून परिणामी तेथे आता एकही पक्षी उरलेला नाही. विचारणा केली असता त्याने धादांत खोटी माहिती दिली.' अक्षर छान आलं.

बायकोला वाचून दाखवलं. म्हणाली, "अहो, चार महिने राहिलेत त्यांचे. एकदा परत विचारा की. नाहीतर दुसऱ्या कुणाला तरी सोबत घेऊन जा ऐकायला."

"मला दुसरा कशाला लागतो? बावीस वर्षं ऐकतोय."

ती पोळपाट धुवायला लागली. पत्र पेटीत टाकण्याआधी पुन्हा एकदा उघडून वाचलं, हे इथे लिहून ठेवतो. 'धादांत' हा शब्द काढावा असं वाटलं होतं. पण मग सगळं पत्र पुन्हा लिहावं लागलं असतं.

९ मार्च, रविवार

दुसरी फेरी. जाळीत शून्य. बाकी ठीक. माळीबुवांनी माझ्याकडे पाहिलं नाही, मीही पाहिलं नाही.

१४ मार्च, शुक्रवार

फाटकावरच्या पहारेकऱ्याने सांगितलं, माळीबुवांची बदली झाली. रस्त्याच्या दुभाजकातल्या झाडांना पाणी घालणाऱ्या टँकरवर. कालच सामान घेऊन गेले. सामान म्हणजे एक छत्री आणि एक विळा.

मला समज हवी होती, बदली नको होती. नोकरीत मी कितीतरी शेरे मारले, पण त्यामुळे कुणाची जागा सुटली नव्हती. निदान मला तसं कळलं तरी नव्हतं. बायकोला सांगितलं तर ती नुसती "अरे देवा" म्हणाली. हे मात्र स्पष्ट ऐकू आलं.

स्वतःची समजूत घालतोय की मी पाखरांसाठी केलं. ती काही पत्र लिहू शकत नाहीत.

१६ मार्च, रविवार

तेवीस जण. आज तिसऱ्या थांब्यावर मी नेहमीपेक्षा जास्त बोललो. म्हटलं, "मिटा डोळे. ही शांतता ऐका. तीन वर्षांपूर्वी या जागेवर माझा आवाज तुमच्यापर्यंत पोचला नसता. आज इथे काही म्हणजे काही उरलेलं नाही. एका कात्रीने केलं हे."

मध्येच डोळे उघडून पाहिलं. सगळ्यांचे चेहरे विचित्र झाले होते. एक आजोबा जाळीकडे बघत होते, मग माझ्याकडे, मग स्वतःच्या बुटांकडे. दोघी मैत्रिणी ओठ चावत एकमेकींकडे बघत होत्या. बँकेतल्या बाईंनी फोन वर धरला होता आणि त्यांचे डोळे भरले होते. पाच मिनिटांनंतर कुणीही एक प्रश्न विचारला नाही. सगळे खाली माना घालून फाटकापर्यंत चालत आले.

माझ्या बोलण्याचा एवढा परिणाम याआधी कधी झाला नव्हता.

१७ मार्च, सोमवार

लिहावंसं वाटत नाही, पण लिहितो.

बँकेतल्या बाईंनी कालचं चित्रण पाठवलं. खाली लिहिलं होतं, 'सर, एकदा घरच्यांबरोबर बघा.' मला वाटलं कौतुकाने पाठवलंय. स्वयंपाकघरात जाऊन बायकोसमोर धरलं. तिने पाहिलं आणि तिचा चेहरा फुलला.

"अगं बाई, किती गोड!"

"काय गोड?"

"पाखरं हो. केवढी किलबिल! तुमचं बोलणंसुद्धा नीट समजत नाहीये त्यांच्यापुढे."

मी तिच्याकडे बघत राहिलो. चित्रणात मी हात वर करून उभा होतो आणि म्हणत होतो, ही शांतता ऐका. तिचं हसू हळूहळू उतरलं. तिने ओले हात पुसले, फोन माझ्याकडून घेऊन ओट्यावर ठेवला आणि मला खुर्चीवर बसवलं.

"घंटा बरी आहे हो," ती म्हणाली. आता मोठ्याने, तोंड माझ्यासमोर आणून. "दोन वर्षं सांगतेय तुम्हाला. कानाच्या डॉक्टरकडे चला म्हटलं की तुम्ही म्हणता मीच पुटपुटते."

मी विचारलं, कोणकोणते आवाज आहेत. म्हणाली, मला नावं कुठे माहीत? मग पुन्हा लावून ऐकलं आणि एकेक सांगायला लागली. एक आहे तो थरथरतो, लहान मुलाच्या पैंजणासारखा, पाच-सहा एकदम. तो चष्मेवाला. एक नुसता टिक, टिक, टिक करतो, थांबतच नाही. फुलटोच्या. एक आहे तो एकच शब्द घाईघाईने घोकतो. वटवट्या. ती सांगत गेली, मी नावं घेत गेलो. तिघेही हजर होते. मला कुणीही ऐकू येत नव्हता.

मग मला माळीबुवांचं हसू आठवलं. 'आत्ता बघा ना, हे काय.' तेव्हा पक्षी खरोखरच बोलत होते. त्यांच्या बोटासमोर.

१९ मार्च, बुधवार

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी कानांवर हेडफोन लावून बसवलं आणि आवाज आला की बटण दाबा म्हणाल्या. मी बराच वेळ बटण न दाबता बसलो. जाड आवाज शाबूत आहेत, बारीक गेलेत. माणूस म्हातारा होतो तसा एकेक आवाज वरच्या पट्टीपासून खाली गळत जातो, असं त्यांनी समजावलं. बारीक आवाज गेल्याला तीन वर्षं तरी झाली असतील. यंत्र मिळायला पंधरा दिवस.

घरी येऊन नोंदवह्या काढल्या. तीन वसंतांपूर्वी फुलटोच्या बंद. दोन वसंतांपूर्वी वटवट्या विरळ. यंदा चष्मेवालाही गेला. सर्वांत बारीक आधी, मग त्याहून जाड. बागेची नोंद ठेवतोय म्हणून मी माझ्याच कानांची नोंद ठेवत होतो, तारीखवार, सुवाच्य अक्षरात.

२४ मार्च, सोमवार

उद्यान कार्यालयात गेलो. तक्रार मागे घेण्याचं पत्र बरोबर होतं, डॉक्टरांचा कागद जोडून. अधिकारी तरुण आहेत, सभ्य आहेत, खुर्ची दिली.

"सर, तुम्ही मागे कशाला घेताय? आम्हीच तुमचे आभार मानायला हवेत," म्हणाले आणि फाईल माझ्यापुढे ठेवली.

वाचलं. बाकांवरून समुद्र दिसावा म्हणून बांधाकडची पूर्ण जाळी काढून टाका, असा आदेश दर हिवाळ्यात निघतो आहे. आज अकरा वर्षं. आणि दर वर्षी खाली माळीबुवांची वेडीवाकडी, न लागणारी सही, 'काम पूर्ण केले'.

"तुम्ही लिहिलंत, आदेशाबाहेर छाटणी केली. म्हणून मी आदेश काढून बघितला," अधिकारी म्हणाले. "बघतो तर काय, हा माणूस दर वर्षी पुढचं हातभर कापतो, फांद्यांचा ढीग रचून ठेवतो आणि काम झालं म्हणून कळवतो. यंदा मी पाहणीला येणार म्हटल्यावर जरा जास्त कापलं असेल, तेवढंच. निवृत्ती जवळ आली म्हणून बदलीवर भागवलं, नाहीतर चौकशी लागली असती."

कसंबसं विचारलं, "आणि जाळी?"

"ठेकेदार सात एप्रिलला येतोय. मशीन आणतोय, एका दिवसात होईल."

"अहो, आत घरट्यांचे दिवस आहेत. पक्षी आहेत तिथे."

त्यांनी फाईलची दोन पानं उलटली आणि माझंच पत्र माझ्यासमोर धरलं. आवाजात जराही टोमणा नव्हता. "सर, तुम्हीच लिहिलंय. तेथे आता एकही पक्षी उरलेला नाही."

माझं अक्षर लांबूनही छान दिसत होतं.

२७ मार्च, गुरुवार

टँकर शोधायला दोन दिवस गेले. मोठ्या रस्त्यावर, दुपारच्या उन्हात, दोन्ही बाजूंनी गाड्या आणि मधल्या पट्टीवर माळीबुवा नळी धरून. झाडं म्हणजे धुळीने पांढरी पडलेली गुडघाभर झुडपं. मी रस्ता ओलांडून त्यांच्याशेजारी जाऊन उभा राहिलो.

सगळं सांगितलं. कान, डॉक्टर, कार्यालय. गाड्यांच्या आवाजात ओरडून सांगावं लागलं, म्हणजे कबुलीसुद्धा मी तपासणीसारखीच दिली. शेवटी म्हटलं, "माझं चुकलं, माळीबुवा."

ते "असू द्या, साहेब" म्हणतील अशी माझी खात्री होती. अशा वेळी माणसं तसंच म्हणतात.

ते "हो" म्हणाले.

मग नळी पुढच्या झुडपावर धरून बोलले. "बदलीचं नाही एवढं. पाणी काय, इथे घालायचं की तिथे. पण त्या कागदावर लिहिलंय ना, खोटं बोलतो म्हणून, ते मला ऑफिसातल्या साहेबांनी वाचून दाखवलं. दोन शिपाई उभे होते. साहेब, मी खोटं बोललो. अकरा वर्षं बोललो. पण ऑफिसशी. तुमच्याशी एकदाही नाही."

मी विचारलं, "मला का नाही सांगितलंत जाळीचं? मी तुमच्या बाजूने उभा राहिलो असतो."

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही पत्र लिहिलं असतं. चांगलंच लिहिलं असतं, पण लिहिलं असतं. कागद झाला की जाळी गेली, हे मला ठाऊक होतं."

सहा तारखेच्या शेवटच्या फेरीला या म्हणालो. रविवारी जादा पाणी असतं, असं म्हणाले. टँकर पुढे सरकला तसे तेही सरकले.

२ एप्रिल, बुधवार

वरच्या कार्यालयाला तीन पत्रं, फेरीतल्या चाळीस जणांच्या सह्या. बँकेतल्या बाईंनी घरोघर जाऊन गोळा केल्या. आज उत्तर आलं, आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे. अशी उत्तरं मी स्वतः शेकड्यांनी लिहिली आहेत, त्यामुळे अर्थ विचारायला कुणाकडे जायची गरज नाही.

६ एप्रिल, रविवार

शुक्रवारी यंत्र मिळालं. पहिला दिवस ताटं, पिशव्या, स्वतःच्या चपला यांच्या आवाजांचीच भीती वाटण्यात गेला. बायको पुटपुटत नाही. कधीच पुटपुटत नव्हती.

आज शेवटची फेरी. एकतीस जण आले. तिसऱ्या थांब्यावर मी आधी सगळं सांगून टाकलं. मी बहिरा होतो, पक्षी इथेच होते, मी एका खऱ्या माणसाला खोटा ठरवला आणि त्यापायी ही जाळी उद्या जाणार आहे. मग म्हटलं, मिटा डोळे.

आणि ते आले. आधी चष्मेवाले, सात-आठ तरी, जाळीभर थरथरत. मग फुलटोच्या, माझ्या डाव्या कानाशी, टिक, टिक, टिक. वटवट्या मागून. मी या वयात इतक्या लोकांसमोर रडेन असं वाटलं नव्हतं. तीन वर्षं हे इथे, माझ्या समोर चाललं होतं आणि मी त्यांना गैरहजर मांडत होतो.

पाच मिनिटांचे पंधरा झाले, कुणी हललं नाही. शेवटी त्या आजोबांनी विचारलं, "उद्यानंतर हे कुठे जातील हो?"

बावीस वर्षांत मी कुणाला उत्तर दिलं नाही असं झालेलं नाही. आज म्हटलं, "मला माहीत नाही."

७ एप्रिल, सोमवार

आठला मशीन सुरू झालं. मी बांधाच्या अलीकडे उभा होतो. बायको येते म्हणाली होती, मीच नको म्हटलं. त्या आवाजाने कानातलं यंत्र किंचाळायला लागलं, पण काढलं नाही.

नऊच्या सुमाराला कुणीतरी शेजारी येऊन उभं राहिलं. माळीबुवा. कामाच्या कपड्यांत, पाणी सुरू करायच्या आधी आलेले. जाळी एका कडेने आडवी होत होती आणि तिच्या मागून समुद्र दिसायला लागला होता. ठेकेदाराची माणसं भराभर फांद्या ओढत होती. त्यांचा काही दोष नाही.

अर्ध्यावर मशीन तेल भरायला थांबलं. त्या तेवढ्या वेळात मागच्या सुरूच्या झाडावरून आवाज आला. घाबरलेला, तुटक, पण तोच.

माळीबुवांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "हे येतंय का ऐकायला?"

"येतंय. चष्मेवाले. चार असतील."

"सहा आहेत," ते म्हणाले. "मग आता हे पण लिहा, साहेब."

आणि टँकरवर जायला उशीर होईल म्हणून फाटकाकडे चालू लागले. जूनची वाट न बघता त्याच फाटकातून बाहेर पडले. पहारेकरी उठून उभा राहिला, एवढंच. मी तिथेच उभा राहिलो, मशीन परत सुरू होईपर्यंत आणि नंतरही, पार समुद्र मोकळा होईपर्यंत.

घरी येऊन वही उघडली. तारीख घातली. सहा चष्मेवाले, ऐकले. पुढे एक रकाना असतो, कुणी ऐकले. तिथे माळीबुवांचं नाव लिहायला गेलो, तेव्हा कळलं की वीस वर्षांत मी ते कधी विचारलंच नाही.